यंत्रकासवाची शाळा

'रोबॉट' हा शब्द आज शाळकरी मुलांच्याहि तोंडीं आहे. परंतु त्याचा जन्म शाळेंत झाला नाहीं, रंगभूमीवर झाला. कारेल चापेक या झेक नाटककारानें १९२० सालीं लिहिलेल्या एका नाटकांत माणसाच्या ऐवजीं राबणाऱ्या कृत्रिम मजुरांना हें नांव दिलेलें आहे. झेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानें मोबदल्यावांचून उपसावयाचे कष्ट. नाटकांतले हे वेठबिगार शेवटीं धन्यावरच उलटतात. तेव्हांपासून यंत्रमानव म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात: एक निमूटपणें राबणाऱ्या गुलामाचें आणि दुसरें धन्याच्या गळ्याला हात घालणाऱ्या बंडखोराचें.

या यंत्राचें तिसरेंहि एक चित्र आहे. शाळेच्या वर्गांत जमिनीवर मोठा कागद पसरला आहे, त्यावरून एक लहानसें यंत्र हळूहळू सरकत आहे, आणि दहा-बारा वर्षांचें मूल त्याला चालावयास शिकवीत आहे. येथें यंत्र गुलाम नाहीं आणि धनीहि नाहीं. तें शिष्य आहे आणि मूल त्याचा गुरु आहे. यंत्रविद्या सांगून न शिकवितां मुलाच्या हातून यंत्र बांधवून शिकवावी, ही कल्पना गेल्या पाऊणशे वर्षांत कशी रुजली, कोठें फळली आणि कोठें फसली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्यांनीं तो अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं झाला. तेथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेंत ग्रे वॉल्टर हे शास्त्रज्ञ मेंदूंतील विद्युल्लहरींचा अभ्यास करीत असत. मेंदूंत पेशी कोट्यवधि. तेव्हां त्याचें सामर्थ्य पेशींच्या संख्येंत आहे कीं त्यांच्या परस्परांशीं असलेल्या जोडणींत आहे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठीं त्यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दोन यंत्रें तयार केलीं. तीन चाकें, वर कासवाच्या पाठीसारखें कवच, दोन मोटरी, दोन व्हॉल्व्ह, उजेड ओळखणारा एक डोळा आणि धक्का ओळखणारा एक स्पर्शक, एवढाच त्यांचा संसार. त्यांचीं नांवें एल्मर आणि एल्सी. हीं कासवें अंधाऱ्या खोलींत उजेडाच्या शोधांत हिंडत. मंद दिवा दिसला कीं त्याच्याकडे वळत. फार प्रखर दिसला कीं अंग चोरून बाजूला होत. वाटेंत खुर्चीचा पाय आडवा आला तर ढुशी देऊन, वळून, मार्ग काढीत. बॅटरी उतरत आली म्हणजे मात्र प्रखर दिव्याचें भय नाहींसें होई, आणि कासव दिवा लावलेल्या आपल्या खोपटांत शिरून पुनः भरून निघे.

१९५१ सालच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या राष्ट्रीय महोत्सवांत अशीं कासवें लोकांना दाखविण्यांत आलीं, तेव्हां पाहणारे थक्क झाले. दोन पेशींएवढ्या सामग्रींतून जिवंतपणाचा इतका भास उत्पन्न व्हावा, ही गोष्ट खरोखरच आश्चर्याची होती. वॉल्टर यांच्या मनांत शाळा नव्हती. त्यांना मेंदूचें कोडें उलगडावयाचें होतें. परंतु त्यांनीं नकळत शिक्षकांच्या हातीं एक मोठें सत्य ठेवलें. तें असें, कीं एखादी गोष्ट समजावून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ती लहान प्रमाणांत स्वतः बांधून पाहणें. आणि बांधलेली वस्तु अपेक्षेप्रमाणें वागली नाहीं, तर आपली समजूत कोठें चुकली तें ती वस्तुच दाखवून देते.

हें सत्य शाळेंत नेणारा मनुष्य दक्षिण आफ्रिकेंत वाढला. सेमूर पॅपर्ट यांचा जन्म १९२८ सालीं प्रिटोरिया येथें झाला. लहानपणीं त्यांना मोटारगाडीच्या भागांचें विलक्षण वेड होतें, आणि त्यांतहि दांतेरी चाकांचें. एक चाक फिरविलें तर दुसरें किती फिरेल, हें ते मनांतल्या मनांत फिरवून पाहत. पुढें शाळेंत पाढे आले, बीजगणितांतलीं दोन अव्यक्तांचीं समीकरणें आलीं, तेव्हां त्यांना तीं परकीं वाटलीं नाहींत; तीं त्यांच्या ओळखीचीं चाकेंच होतीं. इतर मुलें ज्या गणिताला भीत, तें या मुलाच्या बोटांना आधींच ठाऊक होतें. पॅपर्ट यांनीं मोठेपणीं यावरून काढलेला निष्कर्ष मात्र दांतेरी चाकें सर्वांना वाटावीं असा नव्हता. प्रत्येक मुलाला आपल्या आवडीची, हातांत धरतां येईल अशी कांहीं वस्तु मिळाली, तर कठीण विचार तिच्या पाठीवर बसून घरांत येतो, असें त्यांचें म्हणणें होतें.

गणितांतील पदव्या घेतल्यावर ते १९५८ पासून कांहीं वर्षें जिनीव्हा येथें झां पियाजे यांच्या सान्निध्यांत राहिले. मूल म्हणजे ज्ञान ओतून भरावयाचें रिकामें भांडें नव्हे, तें आपलें ज्ञान आपणच रचीत असतें, हा पियाजे यांचा सिद्धान्त शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेच. पॅपर्ट यांनीं त्यांत एका गोष्टीची भर घातली. मनांतली ही रचना तेव्हांच उत्तम होते, जेव्हां मूल बाहेरहि कांहीं रचीत असतें: मग तो वाळूचा किल्ला असो, कविता असो कीं यंत्र असो, मात्र तें दुसऱ्याला दाखवितां आलें पाहिजे आणि त्यावर दोघांना बोलतां आलें पाहिजे. १९६०च्या दशकाच्या आरंभीं ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम्. आय्. टी., या विख्यात संस्थेंत आले, आणि या विचाराला साजेसें साधन त्यांना तेथें सांपडलें.

त्या काळीं संगणक शाळेंत आणावा असें म्हणणारे कांहीं लोक होतेच. परंतु त्यांची कल्पना निराळी होती. संगणक प्रश्न विचारील, मूल उत्तर देईल, उत्तर बरोबर असेल तर पुढचा प्रश्न येईल. थोडक्यांत, न थकणारा आणि न रागावणारा असा एक पंतोजी त्यांना हवा होता. पॅपर्ट यांनीं ही गाडी उलट जुंपली. संगणकानें मुलाला पढविण्याऐवजीं मुलानेंच संगणकाला पढवावें, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठीं वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आदि सहकाऱ्यांसह त्यांनीं १९६७ सालीं 'लोगो' नांवाची भाषा तयार केली. ती मुलांसाठीं होती, परंतु पोरकट नव्हती. १९६८-६९ या वर्षीं मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन गांवच्या एका शाळेंत सातवींतल्या मुलांना गणिताच्या तासांना ती शिकविण्यांत आली.

पुढच्या एक-दोन वर्षांत या भाषेला शरीर मिळालें. वॉल्टर यांच्या कासवाच्याच कुळांतलें, पण शाळेसाठीं म्हणून बनविलेलें एक यंत्रकासव एम्. आय्. टी.च्या प्रयोगशाळेंत जमिनीवर चालूं लागलें. दोन चाकें, दोन मोटरी, आणि पोटाखालीं मधोमध एक लेखणी. लेखणी खालीं सोडली कीं कासव जाईल तेथें रेघ उमटे. संगणकाला तें लांब तारेनें जोडलेलें असे. त्याला कळणाऱ्या मुख्य आज्ञा अगदींच थोड्या: इतकीं पावलें पुढें जा, इतके अंश उजवीकडे वळ, इतके अंश डावीकडे वळ, लेखणी टेक, लेखणी उचल. एवढ्या भांडवलावर मुलांनीं घरें, फुलें, तारे, नक्षी असें काय काय काढलें!

आतां यांत शिक्षण तें कोणतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका साध्या उदाहरणांत आहे. मुलाला चौकोन काढावयाचा असतो. शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. हेंच चार वेळां केलें कीं चौकोन होतो. मूल खूष होतें आणि त्रिकोणाकडे वळतें. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हें त्यानें पाठ केलेलें असतें. म्हणून तें सांगतें: शंभर पावलें पुढें, साठ अंश वळ, तीन वेळां. कासव इमानानें चालतें, आणि कागदावर त्रिकोणाऐवजीं अर्धवट राहिलेली षट्कोनी आकृति उमटते! मूल चकित होतें. यंत्र बिघडलें काय? यंत्र बिघडलेलें नसतें. मग मूल स्वतः उठून कासव बनतें; जमिनीवर चालून पाहतें. त्रिकोणाच्या टोंकाशीं आल्यावर आपल्याला किती वळावें लागतें? साठ अंश नव्हे, एकशेंवीस. आंतला कोन निराळा आणि वळण निराळें, हें त्याला त्या क्षणीं पायांनीं कळतें. आणखी थोडें चालल्यावर याहून मोठी गोष्ट कळते: कोणत्याहि आकृतीभोवतीं एक फेरी मारून मूळच्या दिशेला तोंड करावयाचें, तर एकूण वळण तीनशेंसाठ अंशच भरतें. चौकोनांत तें चौघांत वांटलें जातें, त्रिकोणांत तिघांत. आणि एक पाऊल पुढें, एक अंश वळण असें तीनशेंसाठ वेळां केलें तर वर्तुळ होतें. भूमितीचा एक प्रौढ सिद्धान्त मुलाच्या हातीं असा चालत येतो. हा प्रयोग श्रोत्यांनीं घरीं अंगणांत करून पाहावा. त्याला यंत्र लागत नाहीं.

या उदाहरणांतली खरी महत्त्वाची गोष्ट त्रिकोण नव्हे, तर चुकलेला त्रिकोण ही आहे. शाळेंत चूक म्हणजे तांबडी शाई. चुकलेलें गणित मूल खोडून टाकतें, लपवितें आणि विसरूं पाहतें. कासवाच्या वर्गांत मात्र चुकीला एक निराळेंच नांव होतें. संगणकाच्या धंद्यांत आज्ञावलींतल्या दोषाला इंग्रजींत 'बग्', म्हणजे किडा, म्हणतात. किडा लागला म्हणून कोणी झाड तोडून टाकीत नाहीं. तो शोधून काढावयाचा असतो. तसेंच येथें. आज्ञावली बरोबर कीं चूक हा प्रश्न नाहीं. ती दुरुस्त होईल कीं नाहीं, हा प्रश्न आहे. शिवाय दोष सांगणारें यंत्र निःपक्षपाती असतें. तें हुशार मुलाचें ऐकतें आणि मठ्ठ म्हटल्या गेलेल्या मुलाचें ऐकत नाहीं, असें होत नाहीं. पाठांतरावर तें भुलत नाहीं आणि मोठ्यांच्या वशिल्यालाहि दाद देत नाहीं. आपण नेमकें काय सांगितलें, तेवढेंच तें करून दाखवितें; आणि आपण नेमकें काय सांगितलें हें कळणें, हाच विचार करावयास शिकण्याचा आरंभ आहे.

पॅपर्ट यांच्या १९८० सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकानें हे विचार जगभर पोंचविले. त्याच सुमारास लहान संगणक स्वस्त झाले आणि अमेरिकेंतल्या व इंग्लंडांतल्या शाळांतून 'लोगो'चा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु या प्रसारांत एक गोष्ट हरवली. जमिनीवरचें कासव महाग आणि नाजूक होतें. म्हणून तें पडद्यावर चढलें आणि एक लहानसा त्रिकोण होऊन बसलें. आज्ञा त्याच राहिल्या, पण चाकें गेलीं, घर्षण गेलें, आणि बॅटरी उतरली म्हणजे होणारी फजितीहि गेली. आणि जेथें शिक्षकाला स्वतःलाच ही विद्या नवी होती, तेथें 'लोगो' हाहि आठवड्यांतून एका तासाचा, ठरलेल्या पानांचा विषय बनला.

याचा परिणाम लवकरच दिसला. न्यूयॉर्क येथील बँक स्ट्रीट कॉलेजच्या संशोधकांनीं एक कसोटी लावून पाहिली. ज्या मुलांनीं वर्षभर 'लोगो' केलें होतें, त्यांना वर्गांतलीं कामें, म्हणजे फळा पुसणें, झाडांना पाणी घालणें इत्यादि, कमींत कमी हेलपाट्यांत उरकण्याची योजना आंखावयास सांगितली. 'लोगो' शिकलेलीं मुलें या कामांत न शिकलेल्या मुलांहून सरस ठरलीं नाहींत. १९८४ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनीं या यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा केली होती त्यांचा विरस झाला. पॅपर्ट यांनीं त्यावर उत्तर दिलें, कीं प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. लांकडापासून चांगलें घर होतें कीं नाहीं, असें कोणी विचारीत नाहीं, कारण तें लांकडावर नसून सुतारावर आहे. या उत्तरांत तथ्य आहे. परंतु संशोधकांच्या म्हणण्यांतहि तथ्य होतें. नुसतें साधन वर्गांत आणून ठेवल्यानें बुद्धि वाढत नाहीं. तिला जाणता शिक्षक लागतो आणि मुलाला चुकावयास पुरेसा वेळ लागतो. दोन्ही बाजूंचें म्हणणें एकत्र केलें म्हणजेच पूर्ण सत्य हातीं येतें.

हरवलेलीं चाकें परत आणण्याचें काम डेन्मार्कमधील एका खेळणीवाल्यांनीं केलें. बिलुंड या गांवीं ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करावयास आरंभ केला. पुढें याच घराण्याच्या 'लेगो' कंपनीनें एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा काढल्या; त्यांच्या आजच्या रूपाचें पेटंट १९५८ सालचें आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास या कंपनीच्या चालकांनीं पॅपर्ट यांचे विचार दूरचित्रवाणीवर ऐकले, आणि दोघांना एकमेकांची ओळख पटली. एकाकडे मुलांना बांधावयास देण्याजोगें सामान होतें, दुसऱ्याकडे त्या सामानांत प्राण घालण्याची युक्ति. पॅपर्ट यांचे सहकारी मिचेल रेझनिक व स्टीव्ह ओको यांनीं विटा, मोटरी, संवेदक आणि 'लोगो' यांची सांगड घातली, आणि १९८८ सालीं हें साहित्य शाळांत गेलें. तें तारेनें संगणकाला बांधलेलें असे; म्हणून पुढें विटेच्याच पोटांत संगणक बसविण्याचे प्रयोग झाले. त्यांतूनच १९९८ सालीं 'माइंडस्टॉर्म्स' हा संच बाजारांत आला. पॅपर्ट यांच्या पुस्तकाचेंच नांव त्याला देण्यांत आलें. त्या विटेला तीन मोटरी आणि तीन संवेदक जोडतां येत, आणि ती सहा लहान बॅटऱ्यांवर चाले.

आतां मुलांच्या चुका पुनः खऱ्या झाल्या. समजा, एका मुलाला वेगवान गाडी करावयाची आहे. संचांत आठ दांत्यांचें, चोवीस दांत्यांचें आणि चाळीस दांत्यांचें अशीं चाकें आहेत. तें मूल मोटरीवर चाळीस दांत्यांचें चाक बसवितें आणि गाडीच्या आंसावर आठ दांत्यांचें. गाडी हातांत धरून मोटर सुरू केली, तर चाकें गरगर फिरतात. मूल टाळ्या पिटतें. गाडी जमिनीवर ठेवली कीं मोटर नुसती घुरघुरते आणि गाडी जागची हलत नाहीं. वेग पांचपट झाला, पण जोर पंचमांश झाला! मूल चाकांची अदलाबदल करतें. गाडी हलते, चढणहि चढते, पण गोगलगाईच्या चालीनें. वेग आणि जोर हे दोन्ही एकाच मोलांत मिळत नाहींत, एक घ्यावयाचा तर दुसरा सोडावा लागतो, हा यंत्रशास्त्राचा पाया त्याला कोणी व्याख्यानांत सांगितलेला नसतो.

दुसरा एक प्रयोग याहून सुंदर आहे. पांढऱ्या कागदावर काळी जाड रेघ काढावयाची आणि यंत्रानें तिच्या कडेनें चालावें अशी आज्ञावली लिहावयाची. यंत्राला खालीं पाहणारा एकच डोळा. आरंभीं मुलें रेघेचें माप घेऊन इतकीं पावलें पुढें, इतकें वळ, अशा आज्ञा देतात. एकदां तें साधतें. पण बॅटरी थोडी उतरली किंवा कागद सरकला कीं यंत्र रेघ सोडून भलतीकडेच जातें. पुष्कळ फजिती झाल्यावर कोणीतरी म्हणतें, मार्ग आधीं सांगूंच नये. काळें दिसलें तर थोडें उजवीकडे वळ, पांढरें दिसलें तर थोडें डावीकडे वळ, बस्स. आणि यंत्र डुलत डुलत रेघेच्या कडेनें चालूं लागतें. मग रेघ कशीहि वळो. प्रत्येक पावलाला चुकणें आणि प्रत्येक पावलाला सुधारणें, हीच त्याची चाल. वॉल्टर यांच्या कासवांत हेंच तत्त्व होतें. रात्रीं समुद्रांत नौका हाकणारा सुकाणूवालाहि याच तत्त्वावर चालतो.

शाळेंतल्या या प्रवाहाला दुसरीकडून एक मोठा ओढा येऊन मिळाला, तो स्पर्धांचा. एम्. आय्. टी. मध्यें १९७०च्या दशकांत वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनीं यंत्ररचनेचा एक वर्ग नांवारूपाला आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंची एक पेटी मिळे आणि एक कामगिरी नेमून दिली जाई. त्या वस्तूंतून यंत्र बांधून शेवटीं सर्वांसमक्ष सामना होई. परीक्षेची उत्तरपत्रिका वाचावयाला कोणी गर्दी करीत नाहीं. या सामन्यांना मात्र गर्दी लोटे. पुढें डीन केमन या संशोधकांनीं १९८९ सालीं 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि फ्लॉवर्स यांच्या साहाय्यानें हा खेळ माध्यमिक शाळांत नेला. १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील मँचेस्टर येथें एका शाळेच्या व्यायामशाळेंत पहिला सामना झाला. त्यांत अठ्ठावीस संघ होते. मुलांच्या शेजारीं प्रत्यक्ष कारखान्यांतले इंजिनिअर बसून काम करीत, हें त्याचें वैशिष्ट्य. जिंकावें, पण प्रतिस्पर्ध्याचें यंत्र बिघडलें तर त्याला आपलें हत्यार उसनें द्यावें, ही शिकवण फ्लॉवर्स यांनीं त्यांत मुद्दाम रुजविली.

जपानांतहि स्वतंत्रपणें असेंच घडलें. तोकियोच्या तंत्रविद्यापीठांतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनीं १९८१ सालीं आपल्या विद्यार्थ्यांना एक चमत्कारिक कोडें घातलें. टॉर्चमध्यें घालतात तसल्या दोन बॅटऱ्यांच्या शक्तीवर माणसाला बसवून नेणारें वाहन तयार करावयाचें. शक्ति इतकी तुटपुंजी, कीं थोडेंहि घर्षण, थोडेंहि वजन वायां गेलें तर वाहन हलूं नये. अशा कामांत मुलें वेळकाळ विसरून गुंतून जातात आणि त्यांचा स्वभावहि पालटतो, हें मोरी यांनीं पाहिलें. त्यांच्या प्रेरणेनें जपानच्या एन्. एच्. के. या नभोवाणी संस्थेनें १९८८ पासून तंत्रशाळांच्या स्पर्धा सुरू केल्या. २००२ पासून आशिया व पॅसिफिकमधील देशांच्या महाविद्यालयांची 'रोबोकॉन' स्पर्धा भरूं लागली. २००८ सालीं ती पुण्यास बालेवाडी येथें झाली. यजमान दूरदर्शन असल्यानें खेळहि आपलाच निवडला होता: गोविंदा! गोकुळाष्टमीला तरुणांचे थर करतात तें काम देशोदेशींच्या यंत्रांनीं करून पाहावयाचें, आणि टांगलेल्या मडक्यांपर्यंत पोंचावयाचें. मराठी माणसाला या खेळाचे नियम समजावून सांगण्याची गरज नव्हती.

असो. इतका सगळा विस्तार झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो आज आपल्या घरांशीं येऊन ठेपला आहे. भारत सरकारनें २०१६ पासून अटल नवोन्मेष योजनेखालीं सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं शाळांत 'टिंकरिंग' प्रयोगशाळा काढण्यास आरंभ केला. प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान, आणि अशा शाळा आज हजारोंनीं मोजाव्या लागतात. शहरांतून खासगी वर्गहि पुष्कळ निघाले आहेत. सामान आलें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं सामानाबरोबर एक पुस्तिकाहि येते: पहिली आकृति पाहा, हा तुकडा त्याला जोडा, दुसरी आकृति पाहा. तासाच्या शेवटीं वीस मुलांचीं वीस यंत्रें तंतोतंत सारखीं तयार होतात, सगळीं चालतात, पालकांना त्यांचीं छायाचित्रें मिळतात. यांत मुलानें काय केलें? त्यानें आज्ञा पाळल्या. चापेक यांच्या नाटकांतला वेठबिगार जें करी तेंच त्यानें केलें. यंत्र मुलाचा शिष्य व्हावयाचें, त्याऐवजीं मूलच पुस्तिकेचें यंत्र झालें.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं, हें येथें आठवणें योग्य होईल. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षण परिषद भरली, तिनें मातृभाषेंतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारां सात वर्षांचें शिक्षण द्यावें असें ठरविलें. पुढें झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. त्या योजनेंत तकली ही केवळ सूत काढण्याचें साधन नव्हती. तिच्या फिरण्यांतून गणित, कापसांतून भूगोल आणि सुताच्या बाजारांतून अर्थशास्त्र शिकवावयाचें होतें. पॅपर्ट यांच्या विचाराचा उगम येथें नाहीं. दोघांची भूमिहि निराळी आणि हेतुहि निराळा. परंतु हाताला बाजूस ठेवून बुद्धि घडवितां येत नाहीं, या एका गोष्टीवर दोघे एकमत आहेत. आणि 'नई तालीम'चें पुढें कांहीं शाळांत जें झालें, तेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जेथें तकलीमागचा प्रश्न हरवला, तेथें नुसती तकली फिरत राहिली.

याच्या उलट, खर्चावांचून हेंच काम करून दाखविल्याचें उदाहरणहि आपल्याजवळ आहे. पुण्याच्या मोटार कारखान्यांत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण उपक्रमांत गेले. खेड्यांतल्या बाजारांत हिंडतांना त्यांच्या हातीं दोन वस्तु लागल्या: सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाडी. नळीच्या तुकड्यांनीं आगकाड्या जोडल्या कीं आकृत्या तयार होतात. चार काड्यांचा चौकोन दाबला तर कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कांहीं केल्या हलत नाहीं. पूल आणि छपरें यांत त्रिकोण कां असतात, याचें उत्तर मुलाच्या बोटांना त्याच क्षणीं मिळतें. पुढें पुण्याच्या 'आयुका' या संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून चालणारीं, फिरणारीं, वाजणारीं असंख्य खेळणीं मुलांकडून करविलीं. एम्. आय्. टी.च्या कासवानें त्रिकोण शिकविला, आणि होशंगाबादच्या आगकाडीनेंहि त्रिकोणच शिकविला. साधनाच्या किमतींत केवढें अंतर! पण शिकविण्याची रीत एकच.

'लेगो' कंपनीनें 'माइंडस्टॉर्म्स' संचांची मालिका २०२२ सालाअखेर बंद केली. संच येतात आणि जातात. आज बाजारांत जो आहे तो उद्यां जुना होईल, आणि आज शिकविलेली संगणकभाषा मुलगा मोठा होईतों कोणी वापरीत नसेल. त्यामुळें यंत्र कोणतें घ्यावें ही चिंता पालकांनीं थोडी कमी केली तरी चालेल. मूल वर्गांतून घरीं आलें, कीं त्याला 'आज काय तयार केलेंस?' असें विचारण्याऐवजीं 'आज काय चाललें नाहीं, आणि मग तूं काय केलेंस?' असें विचारून पाहावें. या प्रश्नाला जर तें उत्साहानें, हातवारे करीत, अर्धा तास उत्तर देऊं लागलें, तर त्या शाळेंत यंत्र शिष्य आहे आणि मूल गुरु आहे, असें खुशाल समजावें. आणि जर तें म्हणालें, कीं सगळें पहिल्याच वेळीं चाललें, तर त्या शाळेच्या शिक्षकांना भेटून पुस्तिका थोडे दिवस कपाटांत ठेवण्याची विनंती करावी.